शिंप्याचा स्नायू

आमच्या घरात आजाराला चार भाषा आहेत. दुखतं ते आम्ही आमच्या बोलीत सांगतो, का दुखतं ते शाळेत उर्दूतून शिकवतो आणि त्यावरचा इलाज मराठीतून ऐकून घेऊन इंग्रजी कागदावर सही करतो. वर्गात आम्ही ज्याला शिरयान म्हणतो ती मराठीत धमनी किंवा रोहिणी. वरीद म्हणजे नीला, अजला म्हणजे स्नायू. बी.एड.च्या सराव पाठांत रक्ताभिसरण हा आमचा हातखंडा विषय होता. फळ्यावर लाल खडूने शिरयान, निळ्या खडूने वरीद. बरीच वर्षं हे शब्द परीक्षेपुरते राहिले. २०१८ च्या पावसाळ्यात मामूंच्या पायामुळे ते घरचे झाले.

मामू म्हणजे अम्मीचे थोरले भाऊ. पेशाने दर्जी. जुन्या नाशकात, दूधबाजाराच्या बाजूला एका बोळात त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक ओटा, दोन पायडल मशिनी आणि भिंतीवर लटकलेले मापाचे कागद. शेरवानीपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं तिथे शिवलं जाई. अब्बांच्या इंतेकालानंतर आम्हा भावंडांना मामूंनीच वाढवलं. आमची बी.एड.ची फी त्यांनी एका रमजानमध्ये रात्र-रात्र जागून शिवलेल्या कुर्त्यांतून भरली. तेव्हा मामूंचा पाय हा आमच्यासाठी नुसता एका म्हाताऱ्या माणसाचा पाय नव्हता. त्याच पायाने चाललेल्या मशिनीवर आमचं शिक्षण झालं होतं.

मामूंना दोन सोबती होते, एक सिन्नरची बिडी आणि दुसरी साखर. साखर डॉक्टरांना दिसली, बिडीचं कोणी विचारलं नाही आणि मामूंनी सांगितलं नाही. साठी ओलांडली तशी दुकानापासून मशिदीपर्यंत जाताना ते दोनदा थांबू लागले. पोटरीत गोळा येई, उभं राहिलं की जाई, चाललं की पुन्हा येई. आम्ही सगळे वय झालं म्हणत होतो. पुढे रात्री झोपेतही पाय दुखू लागला, अंगठा काळवंडला, तेव्हा तपासण्या झाल्या. मांडीतली मोठी धमनी बरीच लांब बंद होती. तंबाखू आणि मधुमेह हे दोघे मिळून धमनीच्या आतल्या अस्तराची जी दशा करतात, ती चित्रात स्पष्ट दिसत होती.

अशा वेळी बंद भागाला वळसा घालून रक्तासाठी दुसरी वाट करून देतात. जांघेत एक टाका, गुडघ्याजवळ दुसरा टाका आणि मधे नळी. ही नळी शक्यतो रोग्याच्या पायातल्या स्वतःच्या शिरेची करतात. ती जिवंत असते, टिकते आणि जंतूंना सहज बळी पडत नाही. मामूंची शीर बारीक आणि जागोजागी खराब निघाली. म्हणून कृत्रिम नळी बसवली. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, पाय गरम झाला, मामू चार दिवसांनी भिंत धरून चालले. मोहल्ल्यात शिरखुर्मा वाटला गेला.

ती नळी कशाची, हे आम्ही विचारून घेतलं होतं. टेफ्लॉनची. स्वयंपाकघरातल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच, नळ बसवणारा पेचावर गुंडाळतो त्या पांढऱ्या पट्टीतलं तेच. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर या माणसाने तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळूहळू ताणण्याऐवजी एकदम झटक्याने ताणली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. त्या छिद्रांच्या टेफ्लॉनपासून आज रक्तवाहिन्या बनतात. दुसरा प्रकार डेक्रॉनचा. डेक्रॉन म्हणजे आपलं पॉलिएस्टर, धाग्यांनी विणलेलं. मामींचं माहेर मालेगावचं, घरात चार यंत्रमाग. पॉलिएस्टरचं कापड माणसाच्या पोटातल्या मोठ्या धमनीच्या जागी बसवतात हे ऐकून त्या म्हणाल्या, “मग ताणा-बाणा घट्ट पाहिजे हो, नाहीतर रक्त गळेल!” त्या बोलल्या ते खरंच होतं. विण सैल असेल तर अशा नळ्या आधी रक्तात भिजवून त्यांची छिद्रं बुजवून घ्यावी लागत.

डेक्रॉनची गोष्ट मामूंना आम्ही खाटेवर असतानाच सांगितली होती. ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी १९५० च्या दशकात कापडाच्या दुकानात नायलॉन घ्यायला गेले. नायलॉन संपलं होतं, दुकानदाराने डेक्रॉन दिलं. त्यांनी ते घरी आणलं आणि बायकोच्या शिलाई मशिनीवर स्वतःच्या हाताने नळ्या शिवल्या. शिवण त्यांना लहानपणी आईने शिकवली होती. आईवडील लेबनॉनहून आलेले. मूळ आडनाव दबागी, म्हणजे कातडं कमावणारे. दबागत हा शब्द आपल्या उर्दूतही आहे. हे ऐकून मामू बराच वेळ हसत होते. म्हणाले, “बोले तो अपनेच बिरादरी का निकला!” पुढे, वयाच्या ९७ व्या वर्षी, डिबेकींची स्वतःची महाधमनी फाटली आणि त्यांच्या शरीरातही डेक्रॉनची नळी बसवावी लागली. ते त्यातून उठले आणि २००८ मध्ये, शंभरीला दोन महिने कमी असताना वारले. त्यांच्याही आधीचे फ्रान्सचे अलेक्सी कॅरेल. धमनीला धमनी जोडायचा टाका त्यांनी शोधला आणि त्यासाठी १९१२ चं नोबेल पारितोषिक मिळवलं. त्यांनी बारीक सुईचं काम लियों शहरात भरतकाम करणाऱ्या एका बाईकडून शिकून घेतलं होतं. म्हणजे रक्तवाहिन्यांची सगळी शस्त्रक्रियाच मुळात दर्ज्यांची मिंधी आहे.

हसण्याचे दिवस थोडेच होते. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात जांघेतल्या टाक्यांतून पाणी झिरपू लागलं. मलमपट्टी करणाऱ्याने सांगितलं, जांघेत असं पाणी सुटतंच, आपोआप आटेल. आठवडा गेला. पाण्याचा रंग बदलला, वास आला, ताप आला. पुन्हा रुग्णालयात नेलं तेव्हा सर्जननी सांगितलं की जंतू नळीपर्यंत पोचलेत.

या संसर्गाच्या पायऱ्या १९७२ मध्ये सिलागी नावाच्या सर्जनने मांडल्या, त्या अजून वापरतात. पहिली, फक्त कातडीपुरता. दुसरी, कातडीखालच्या चरबीपर्यंत. तिसरी, खुद्द नळीपर्यंत. मामू तिसऱ्या पायरीवर होते.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. अंगात कुठेही जंतू शिरले तर रक्त तिथे धावून जातं. रक्तातून पांढऱ्या पेशी जातात, प्राणवायू जातो, औषधही रक्तातूनच जातं. पण कृत्रिम नळीच्या भिंतीत रक्तवाहिन्या नाहीत. तिच्या पोटातून लिटरभर रक्त वाहत असलं तरी तिच्या भिंतीला ते मिळत नाही. उन्हाळ्यात न घासलेल्या रांजणाच्या आत जसा बुळबुळीत थर धरतो, तसा थर जंतू नळीवर धरतात आणि त्याच्या आड बसतात. वरून कितीही भारी प्रतिजैविक सोडा, थराच्या आत ते पुरेसं पोचत नाही. शिवाय जांघ म्हणजे घामाची, घडीची जागा. कातडीवर एरवी गुमान राहणारे जंतू तिथे उघड्या जखमेतून खाली उतरतात. आणि सगळ्यात मोठा धोका टाक्याचा. जंतूंनी धमनीचा टाका कुरतडला तर तो उसवतो आणि काही मिनिटांत माणूस रक्तस्रावाने जातो.

सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक, नळी काढून टाकायची. संसर्ग मुळासकट जाईल, पण पायाचं रक्त थांबेल. दुसरी नळी निरोगी भागातून फिरवून घेता आली तर ठीक, नाहीतर पाय मांडीपासून जाईल. दोन, नळी ठेवायची, पण भोवतालचं सडलेलं सगळं पुन्हा पुन्हा साफ करायचं आणि मग तिच्यावर मामूंच्याच मांडीतला एक जिवंत स्नायू वळवून पांघरायचा. ही दुसरी वाट सगळ्यांना चालत नाही. नळी वाहती असली पाहिजे, टाक्यातून रक्त येत नसलं पाहिजे आणि विष सगळ्या अंगात भिनलेलं नसलं पाहिजे. काही जंतू तर असे हट्टी असतात की त्यांच्यापुढे नळी ठेवण्याचा धोका डॉक्टर घेत नाहीत. मामूंच्या बाबतीत तेवढी सवड होती, पण खात्री कोणी देत नव्हतं.

घरी बैठक बसली. मोठा मामेभाऊ दुबईहून फोनवर, धाकटा समोर, दोन खालू, मोहल्ल्यातले एक वडीलधारे. एकाचं मत, पाय गेला तर जाऊ द्या, जीव वाचवा. दुसऱ्याचं मत, चीरफाड पुरे झाली, एका हकीमसाहेबांचं तेल आहे. तिसऱ्याला पैशांची काळजी होती आणि ती चुकीची नव्हती. केशरी रेशनकार्ड शोधून काढलं, योजनेच्या खिडकीवर रांगा लागल्या. आम्हाला सगळे विचारत, “तुम्ही सायन्सवाले, सांगा.” आम्ही अजला, शिरयान, वरीद सांगत बसलो. फळ्यावर जे दहा मिनिटांत कळतं ते बैठकीत दोन तासांत कळेना, कारण ऐकणाऱ्याच्या मनात भीती होती.

शेवटी वाट दाखवली ती दोघांनी. पहिले मामूंच्या शेजारच्या खाटेवरचे दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार. ते म्हणाले, “मास्तर, आमच्या बागेत बघा. खाली रानटी खुंट, वर आपली द्राक्षाची काडी. कलम बांधलं की दोघांचा रस एक होतो, म्हणून ते जगतं. ही तुमची नळी म्हणजे नुसता प्लास्टिकचा पाइप. तिचा रस कुणाशी एक होणार? तिला झाकायला जिवंतच काहीतरी पाहिजे.” कलमाला उर्दूत पैवंद म्हणतात आणि कपड्याच्या ठिगळालाही पैवंदच म्हणतात. तो शब्द आम्ही उच्चारला मात्र, मामूंनी मान वर केली.

दुसरे खुद्द मामू. इतके दिवस डॉक्टर आमच्याशी बोलत होते, आम्ही भावंडांशी, भावंडं दुबईशी. मामूंना कोणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, “कपडा मेरा है ना? तो कैंची चलाने से पहले मेरे से पूछो.” सगळे गप्प झाले. मग त्यांनीच प्लास्टिक सर्जनना बोलावून घेतलं आणि गिऱ्हाईकाला विचारावं तसं विचारलं, कापड कुठून घेणार, किती घेणार, घेतलेल्या जागी काय उरणार आणि टीप उसवली तर काय करणार.

त्या डॉक्टरांचं आम्हाला कौतुक वाटतं. त्यांनी स्वतःच्या मांडीवर बोटाने रेघ ओढून दाखवली. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं, तिथून एक पट्टीसारखा लांब स्नायू निघतो, मांडीवरून तिरका आत उतरतो आणि गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला नडगीच्या हाडाला चिकटतो. शरीरातला हा सगळ्यात लांब स्नायू. त्याचं नाव सार्टोरियस. लॅटिनमध्ये सार्टोर म्हणजे शिंपी. मांडी घालून बसताना पाय वाकवून बाहेर वळवायचं काम तो करतो आणि जुने शिंपी तसेच बसून शिवत, म्हणून त्याला ते नाव. चाळीस वर्षं ओट्यावर मांडी घालून काज-बटण आणि तुरपाई करणाऱ्या माणसाला डॉक्टर सांगत होते की तुमच्या मांडीत तुमच्याच पेशाच्या नावाचा एक स्नायू आहे आणि तो तुमच्या कामी येणार आहे. मामू इतकंच म्हणाले, “निकालो फिर.”

हे काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. स्नायूचं वरचं टोक हाडापासून सोडवायचं आणि पुस्तकाचं पान उलटावं तसा तो आतल्या बाजूला वळवून नळीवर आणि टाक्यावर बसवायचा. खालचं टोक तसंच जोडलेलं राहतं. पण एक मेख आहे. प्रत्येक स्नायूला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या वेगवेगळ्या तऱ्हेने शिरतात. अमेरिकेतल्या मॅथेस आणि नहाई या दोघांनी १९८१ मध्ये स्नायूंचे यावरून पाच प्रकार पाडले. काही स्नायूंना एकच मोठा देठ असतो, ते मोकळेपणाने फिरवता येतात. सार्टोरियसला शिडीच्या पायऱ्यांसारखे अनेक छोटे देठ असतात, प्रत्येक देठ आपल्यापुरता तुकडा जगवतो. वरचा एखाद-दुसरा देठ सोडता येतो, त्याहून जास्त तोडले तर स्नायू काळा पडतो. आणि हे देठ मांडीच्या ज्या धमनीपासून निघतात तीच मामूंची बंद होती! म्हणून डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की आत गेल्यावर स्नायू लाल, रसरशीत दिसला तरच तो घेऊ, नाहीतर मांडीच्या पुढचा किंवा आतला दुसरा स्नायू, तोही नसला तर पोटावरचा.

देठ तोडायचा नाही, ही या विद्येची पहिली अट. आणि ती अट आपल्या मुलखाला नवी नाही. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी १७९२ च्या लढाईत टिपू सुलतानच्या फौजेच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. शत्रूच्या नोकराला अशी सजा देणं हा त्या काळच्या लढायांचा क्रूर रिवाज होता. वर्षभराने पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने कावसजीला नवं नाक बसवलं. मेणाचा साचा नाकावर बसवून माप घेतलं, ते कपाळावर आखलं, तेवढी कातडी सोडवली, पण दोन भुवयांच्या मधे तिचा देठ ठेवला आणि कातडी फिरवून खाली आणली. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर हे पाहत होते. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकिकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी वीस वर्षं विचार केला, १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कावसजीचं नाव राहिलं, डॉक्टरांची राहिली. त्या कारागिराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

मामूंना दोन वेळा भूल देऊन जखम साफ केली. दोन साफसफायांच्या मधे जखमेवर स्पंज बसवून आतलं पाणी ओढून घेणारं यंत्र लावलं. प्रयोगशाळेने जंतूचं नाव आणि त्याला लागू पडणारं औषध कळवलं, ते शिरेतून सुरू झालं. पाचव्या दिवशी स्नायू वळवला. बाहेर आम्ही तसबी ओढत होतो. डॉक्टर आले, म्हणाले, “शिंपी लाल निघाला.” एवढ्या तीन शब्दांत आम्हाला जे मिळालं ते कुठल्या भाषेत लिहावं?

स्नायू तिथे जाऊन काय करतो? एकतर रिकामी जागा भरतो. पोकळी राहिली की तिथे पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात. दुसरं, तो आपलं रक्त घेऊन जातो. नळीच्या भिंतीला जे कधी मिळणार नव्हतं ते तिच्या अंगाला चिकटून मिळू लागतं. पांढऱ्या पेशी, प्राणवायू, औषध, सगळं शेजारी. आणि तिसरं, वरची कातडी पुन्हा उघडलीच तरी नळी उघडी पडत नाही. मामूंनी याचं भाषांतर एका शब्दात केलं, अस्तर. वरचं कापड कितीही विटलं तरी अस्तर चांगलं असेल तर शेरवानी टिकते.

सहा आठवडे शिरेतून औषध, मग काही महिने गोळ्या. दोन बोटं गेली, पाय राहिला. सार्टोरियस गेल्याने चालण्यात फारसा फरक पडला नाही, त्याचं काम दुसरे स्नायू करतात. तरी मांडी घालून बसणं मामूंनी सोडलं. नमाज खुर्चीवर, मशिनीला मोटर. बिडी सुटली. २०२१ मध्ये ती नळी आतून बंद पडली. पण तोवर आजूबाजूच्या बारीक वाहिन्या थोड्या रुंदावल्या होत्या आणि जखम कोरडी होती, त्यामुळे पाय तगला. मशिदीपर्यंत आता ते पुन्हा एकदा थांबतात. डॉक्टरांनी कधीही पूर्ण बरे झालात असं म्हटलं नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला या, ताप आला तर त्याच दिवशी या, एवढंच म्हणतात. आम्हाला हा प्रामाणिकपणा आवडतो.

या साऱ्यातून आम्ही जे शिकलो ते आता वर्गात सांगतो. तेराव्या शतकात इब्न नफीस यांनी हृदयातून फुप्फुसांकडे जाणारा रक्ताचा रस्ता सांगितला. त्याआधी दहाव्या शतकात अंदलूसच्या जहरावींनी शस्त्रक्रियेची हत्यारं चित्रं काढून दाखवली, आतड्याचा धागा टाक्यांसाठी वापरला. ही नावं आम्ही मुलांना अभिमानाने पाठ करायला लावतो. लावलीच पाहिजेत. पण ज्या मोहल्ल्यात ही नावं जलशांतून गाजतात त्याच मोहल्ल्यात पोटरीत येणारा गोळा वर्षभर अंगावर काढला जातो, जखमेतून येणारं पाणी आठवडाभर आटायची वाट पाहिली जाते आणि बिडीबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. जहरावींचा वारस तो, जो वेळेवर दवाखान्यात जातो. इब्न नफीसचा वारस तो, जो आपल्या बापाच्या पायाची नाडी हाताने बघायला शिकतो. घोट्याच्या आतल्या हाडामागे आणि पावलाच्या वर ती लागते. आठवीच्या मुलांना आम्ही ती शोधायला लावतो आणि घरी जाऊन दादा-नानांची शोधायला सांगतो. लागली नाही तर आम्हाला येऊन सांगा, म्हणतो. आतापर्यंत तीन मुलं सांगायला आली. एकाचे नाना वेळेत डॉक्टरांकडे गेले.

दुसरी गोष्ट सही करण्याची. संमतीचा कागद इंग्रजीत असो की मराठीत, तो ज्याच्या अंगाचा आहे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितला गेला पाहिजे. आम्ही शिकलेली माणसं मधे उभी राहतो, दुभाषे होतो आणि हळूहळू मालक होऊन बसतो. दुभाष्याने दुभाष्याच्या जागी राहावं. मामूंना विचारलं तेव्हा त्यांनी जे प्रश्न केले ते आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते, कारण चाळीस वर्षं कापड, कट आणि टीप यांत त्यांची हयात गेली होती. प्रत्येक घरात असा एखादा मामू असतो. त्याचं ज्ञान वेगळ्या शब्दांत असतं, इतकंच.

पैवंद हा शब्द आपल्याकडे गरिबीची खूण म्हणून वापरतात. फाटक्या कपड्याला लावायचा, लोकांपासून लपवायचा. आम्ही आता तो मुलांना दोन्ही अर्थांनी शिकवतो, कपड्याचा आणि कलमाचा. मराठीत कलम म्हणजे झाडाचं कलम, उर्दूत कलम म्हणजे लेखणी, आणि दिंडोरीच्या शेतकऱ्याचं कलम तेच आमच्या भाषेतलं पैवंद, हेही सांगतो. मुलं वहीत लिहून घेतात. पैवंद टिकतो तो कधी? ज्या बाजूने रक्त येतं ती बाजू तोडली नाही तर. हे वाक्य आम्ही फळ्यावर लिहितो आणि तास संपला तरी पुसत नाही.